सांगायचं माप आणि कापायचं माप

त्या रस्त्यावर कुणालाही विचारा, "इंचभर कुठं राहतात हो?" माणूस आधी पत्ता सांगणारच नाही. आधी हनुवटी छातीला टेकवेल, चष्मा नसला तरी चष्म्यावरून बघेल, आणि नाकातल्या नाकात म्हणेल, "काही नाही, काही नाही, इंचभर सैल सोडू की!" मनासारखी नक्कल झाली की मग कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाकडे बोट दाखवेल.

दुकान म्हणजे बोळकांडीच. पुढं गिऱ्हाइकांचा बाक, भिंतीला आरसा, मग कापायचं लांब टेबल, टेबलामागं मशीन. मागच्या कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना. वर एक खोली आणि खोलीच्या डोक्यावर कापडाचे तागे ठेवायचा माळा. आरसा किंचित मागं कललेला होता. तो तसा का, हे इंचभरांनी कधी सांगितलं नाही, पण त्या आरशात बघून कुणी दुःखी होऊन बाहेर पडल्याचं रस्त्याला आठवत नाही.

या दुकानात दोन मापं चालायची. एक सांगायचं माप, दुसरं कापायचं माप. गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावायची, आकडा बघायचा आणि मोठ्यानं भलताच सांगायचा. छत्तीस भरली तर इंचभर खुशाल ओरडायचे, "चौऽऽतीस!" गिऱ्हाईक फुलायचं. मनातल्या मनात जेवणानंतरच्या दोन घासांना परवानगी द्यायचं. आणि टेबलापाशी खडू घेऊन उभी असलेली इंचभरांची बायको मान वर न करता छत्तिसाचीच रेघ मारायची.

तिला कसं कळायचं? सगळी गंमत आवाजात होती. "चौतीस" असं सरळ आलं तर चौतीस. "चौऽऽतीस" असं ताणून आलं तर दोन घाला. आणि आधी घसा खाकरून मग "चौऽऽतीस" आलं तर चार घाला आणि शिवणीत भरपूर माया ठेवा, कारण माणूस अजून वाढतोय. आयुष्यभर हा कारभार चालला. बोलणारा एक, भर घालणारी दुसरी. कुणाची पँट कधी तटली नाही आणि कुणाचं मनही मोडलं नाही.

मग बायको गेली. आता सांगायचं माप सांगून झाल्यावर इंचभरांना स्वतःच टेबलापाशी जाऊन भर घालावी लागे, आणि मधल्या चार पावलांत कधी कधी विसरायला होई. शाळेच्या मुख्याध्यापकांची पँट मांडीपर्यंत सुखरूप आली आणि तिथं ठाण मांडून बसली. ना वर, ना खाली. मुख्याध्यापक पडद्याआडून ओरडले, "अहो, हा काय प्रकार आहे?" इंचभर म्हणाले, "कापड आटलं." मुख्याध्यापक म्हणाले, "अजून धुतलं कुठंय?"

त्याच सुमाराला त्यांचं बीपी वाढल्याचं निघालं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. एकुलती एक. लहानपणी दिवसभर कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचे बाहुले करत बसायची. इंचभर तिला अजून "ठमे" म्हणत, तिच्या हाताखाली आठ माणसं असली तरी. तिनं बाबांना बीपी मोजायचं यंत्र आणलं, काही दिवस रोज फोन करून आकडा विचारला, मग नवा मोबाईल आणला आणि त्यात आरोग्यकेंद्राचं अ‍ॅप घालून दिलं.

"रोज सकाळी मोजायचं, आकडा यात टाकायचा. मला तिकडं दिसतं, डॉक्टरांना दिसतं. सोप्पंय, बाबा."

सोप्पंय! समोरचा सलूनवाला त्याची सोप्पी बाजू बघायला रोज सकाळी मुद्दाम येऊन बाकावर बसू लागला. हा इंचभरांचा जुना दोस्त; वस्तरा आणि जीभ दोन्ही परजलेली.

पहिली अडचण बोटांची. जन्मभर सुई टोचून आणि इस्त्रीचे चटके खाऊन इंचभरांच्या बोटांची टोकं अशी झाली होती, की मोबाईलला ती बोटं वाटतच नव्हती. दाबलं तर ढिम्म. जोरात दाबलं तर भलतंच काहीतरी उघडे. शेवटी त्यांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, सुईत दोरा ओवण्याआधी लावतात तसं, आणि चट्कन आकडा उमटला.

"चाटून चाटून मोबाईल खाशील एक दिवस," सलूनवाला म्हणाला.

दुसरी अडचण घाईची. इंचभर चष्मा शोधायचे, आकडा वाचायचे, बोट ओलं करायचे, तोवर पडद्यावर अक्षरं यायची: आपली वेळ संपली आहे.

"अरे, मेलास की काय!" सलूनवाला ओरडायचा. "मोबाईलला आधी कळलं!"

एकदा तर अ‍ॅपनं कळस केला. आपण माणूस आहात हे सिद्ध करा, असं म्हणून बारीक बारीक चित्रं दाखवली आणि त्यातले दिवे ओळखायला सांगितले. इंचभर चष्मा पुसत राहिले. सलूनवाला गंभीर चेहरा करून म्हणाला, "सोड रे. वहिनींना जन्मभर सिद्ध करता आलं नाही, तुला काय येणार?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका सकाळी यंत्रानं मोठा आकडा दाखवला आणि इंचभरांनी तो प्रामाणिकपणे टाकला. पडदा लालभडक झाला. एक गोल चेहरा घळाघळा रडू लागला. आगीचा बंब आल्यासारखा भोंगा सुरू झाला आणि त्यावर एका बाईचा आवाज किंचाळला, "अरेरे! आपला रक्तदाब धोकादायक आहे! कृपया घाबरू नका!" बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते घाबरून उठलं आणि मापाला घातलेली, न शिवलेली बाही अंगातच ठेवून रस्त्यावर गेलं.

लेकीला तिकडं निरोप गेला. हातातलं काम टाकून ती धावत आली. डोळे सुजलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाबा दिसले तेव्हा आधी रडली आणि मग चिडली.

"आणखी एकदा लाल झालं ना बाबा, की दुकानाला कुलूप. माझ्याकडं यायचं. मी तिकडं असा जीव मुठीत धरून नाही बसू शकत."

लेकीचं घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. वाईट एवढंच, की तिथं इंचभरांना करायला काही नव्हतं. मागं राहायला गेले होते, तेव्हा दोन दिवसांत त्यांनी जावयाच्या धडधाकट पँटची शिवण उसवून पुन्हा घातली होती. जावई भला माणूस. म्हणाला, "वा, आता छान बसते." आता त्या घरात कायमचं जाऊन राहायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांचे कपडे आळीपाळीनं उसवणं आलं.

तेव्हापासून इंचभरांनी अ‍ॅपला सांगायचं माप सांगायला सुरुवात केली. यंत्र काही म्हणो, इंचभर बोट जिभेला लावायचे आणि एखाद्या शहाण्या, सडपातळ माणसाला शोभेल असा आकडा टाकायचे. हिरवा चेहरा हसायचा. "छान! असेच निरोगी राहा!" बाई म्हणायची. इंचभरांना त्यात खोटं काही वाटलं नाही. चेहऱ्याला बरं वाटलं, लेकीला बरं वाटलं, कुणाचं मन मोडलं नाही. कापायचं माप मनात होतंच.

पण ते मनातच राहिलं. भर घालणारं टेबलापाशी कुणी नव्हतं. डॉक्टरांनी तिकडं हिरवे चेहरे बघितले आणि खूश होऊन दोन गोळ्यांतली एक बंद केली. इंचभरांचं डोकं सकाळी मशीनच्या पायडलसारखं धडधडू लागलं. ते म्हणायचे, उन्हाचं असेल.

आणि मग आरोग्यकेंद्रातून फोन आला, की काका, तुमच्या वयाच्या सगळ्या रुग्णांत तुमच्याइतकं नियमित आणि हिरवं कुणीच नाही. बाकीचे अ‍ॅप मध्येच सोडून देतात. तुम्हाला एवढं सोपं कसं जातं, ते बघायला आमची मॅडम येतेय.

"आली का पंचाईत!" सलूनवाल्यानं मांडीवर थाप मारली. "लेका, तुझा आता पुतळा उभारतात. जीभ बाहेर काढलेला."

अ‍ॅपवाली आली ती हसतमुख, पाठीवर दप्तर, तोंडात "ओके ओके". अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी ती एक होती, आणि म्हाताऱ्या माणसांना ते जमत का नाही हे शोधणं तिचं काम होतं. बाकाच्या कडेला अंग चोरून बसली. "काका, तुम्ही माझ्याकडं बघायचंच नाही. मी इथं नाहीचे. रोज करता तस्संच करा. ओके?"

इंचभरांना पळता भुई थोडी झाली. पण मुलगी काही यंत्राचा आकडा बघायला आली नव्हती, मोबाईल बघायला आली होती, असा त्यांनी हिशेब केला. दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घरघरलं, फुगलं, फुस्स करून थांबलं. वरचा आकडा एकशे बहात्तर.

इंचभरांनी बोट जिभेला लावलं. "अच्छाऽ, ओलं बोट!" अ‍ॅपवालीचे डोळे चमकले. इंचभरांनी टाकलं, एकशे अठ्ठावीस. हिरवा चेहरा हसला. "छान! असेच निरोगी राहा!"

अ‍ॅपवाली मात्र हसली नाही. तिनं यंत्राकडं पाहिलं. मोबाईलकडं पाहिलं. मग पुन्हा यंत्राकडं. दारात उभा असलेला सलूनवाला एकदम आभाळ बघू लागला.

"काका," ती हळूच म्हणाली, "चुकून पडला का आकडा?"

इथं "हो" म्हणून सुटता आलं असतं. पण मापात चूक झाली असं इंचभर कधी कुणापुढं कबूल करत नसत. ते ताठ झाले. "चुकून कशाला पडेल? सांगायचं माप आहे ते."

"म्हणजे?"

"कापायचं माप टाकलं की तुमची ती बाई बोंबलते."

"कोण बाई?"

"दाखवतो," असं म्हणून, जन्मभर गिऱ्हाइकांना समजावून सांगणाऱ्या त्या माणसानं भरात बोट ओलं केलं आणि खरा आकडा टाकला.

लाल. रडका चेहरा. भोंगा. "अरेरे! आपला रक्तदाब धोकादायक आहे! कृपया घाबरू नका!"

"बघितलंत?" इंचभर विजयानं म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. निरोप गेला होता.

मोबाईल लगेच वाजला. "बाबा! बसलात का? झोपा! नको, झोपू नका! कोण आहे तिथं?" अ‍ॅपवालीनं फोन घेतला, डॉक्टरांना कळवते म्हणाली, मी थांबते म्हणाली. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "निघालेच मी. बॅग भरायला सांगा त्यांना."

डॉक्टरांनी बंद केलेली गोळी ताबडतोब सुरू करायला सांगितली आणि हालचाल नको म्हणाले. इंचभर गिऱ्हाइकांच्या बाकावर भिंतीला टेकून बसले. या बाजूनं दुकान त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. कललेल्या आरशात एक म्हातारा दिसत होता. बरा दिसत होता.

"भोंगा तुम्हीच लावलात का?" त्यांनी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून," अ‍ॅपवाली खालच्या आवाजात म्हणाली. "लक्ष जावं म्हणून."

"माझ्या दुकानात जाड माणूस आला आणि मी भोंगा वाजवला, तर तो पुन्हा येईल का?"

"पण काका, तुम्ही कमी सांगून तेवढंच कापलं असतं, तर तो तरी आला असता का?"

इंचभरांना मुख्याध्यापक आठवले. मग हळूहळू त्यांनी तिला बायकोच्या खडूची गोष्ट सांगितली. सरळ आकडा, ताणलेला आकडा, खाकरलेला आकडा. सांगता सांगता नक्कल करायला गेले, तर अ‍ॅपवालीनं हात धरला. "बोलू नका, काका, दम लागेल." पण तिच्या हसण्याचा आवाज बाहेर रस्त्यावर गेला.

लेक आली ती सरळ जिना चढून वर. खाली तिघांना फक्त आवाज येत होते. कपाटाचं दार. बॅगेची चेन. धप्, धप्, कपडे. सलूनवाला पायरीवरून कुजबुजला, "माझ्या जिभेची सगळी धार गिऱ्हाइकांवर संपली, आता काही सुचत नाही. बोल की रे काहीतरी." इंचभर मशीनकडं बघत होते, आणि मशीनवर मुख्याध्यापकांची पँट होती, दुरुस्तीला आलेली, अर्धी शिवण घालून ठेवलेली.

लेक खाली आली. हातात बॅग, बॅगेच्या फटीतून शर्टाची बाही बाहेर लोंबत होती.

"तुम्ही मला फसवलंत, बाबा. मी रोज सकाळी हिरवा चेहरा बघून कामाला लागायचे. रोज! वाटायचं, बाबा बरे आहेत." तिचा आवाज फाटला. "किती आहे आत्ता? मोजलंत पुन्हा? खरं सांगा."

"एकशे अठ्ठाऽऽवीस," इंचभर म्हणाले.

मुद्दाम नव्हे. जिभेचं वळण. आणि लेकीच्या हातून बॅग खाली पडली.

"बाबा! मला ऐकू येतं! मी त्या टेबलाखाली वाढलेय!" ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळत नसावं. "एवढं ताणलंत, आईनं ताग्याचा तागा वाढवला असता!"

"खाकरलो नाही पण," इंचभर म्हणाले.

लेक त्यांच्या शेजारी बाकावर बसली. बराच वेळ नाक पुसत राहिली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "हे असं कळलं असतं मला. आधी मी रोज फोन करायचे ना? किती, बाबा? म्हणून विचारायचे. तुम्ही सांगायचात आणि मला आवाजावरून कळायचं. हे अ‍ॅप आलं आणि मी विचारायचंच सोडलं. आकडा दिसतोय, मग कशाला विचारायचं? टाकलेल्या आकड्याला कुठं आवाज असतो?"

समोर अ‍ॅपवाली दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. ती थांबली. "ताई, आकडा टाकायच्या ऐवजी बोलता आला तर? काका म्हणतील, अ‍ॅप ऐकेल, आकडा डॉक्टरांना जाईल आणि आवाज तुम्हाला. काकांच्या बोटांचाही प्रश्न मिटेल."

"आणि भोंगा?" इंचभर म्हणाले.

"भोंगा काढायला मी भांडेन, काका. जास्त आला तर आधी, बसा, जरा वेळानं पुन्हा मोजू, एवढंच म्हणू दे. पुन्हाही जास्त आला, तर मात्र ताईंना आणि डॉक्टरांना कळणार. त्यात मी इंचभरही सैल सोडणार नाही. ओके?"

"ओके ओके," सलूनवाला तिच्याच सुरात म्हणाला, आणि लेकीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा आभाळ बघू लागला.

बॅग काही लगेच वर गेली नाही. त्या दिवशी इंचभर लेकीबरोबर गेलेच, आणि बीपी ताळ्यावर येईपर्यंत तिकडं राहिले. जावयाची आणखी एक पँट त्यात कामी आली. परत आले तेव्हा लेकीनं तीन गोष्टी वदवून घेतल्या होत्या: माळ्यावर चढायचं नाही, जड इस्त्री सलूनवाल्याच्या पोराकडून करून घ्यायची, आणि दुकान दुपारनंतर बंद. पहिल्या दोन्हीला इंचभर हो म्हणाले. तिसऱ्यावर घासाघीस झाली, पण लेक हटली नाही. आता दुपारी दाराला कुलूप बघून गिऱ्हाइकं चुकचुकतात, आणि इंचभर वरच्या खिडकीतून त्यांच्या कंबरांचा अंदाज घेत बसतात.

नवं अ‍ॅप यायला उशीर झाला. अ‍ॅपवालीला भोंग्यासाठी खरंच भांडावं लागलं म्हणे. आलं तेव्हा पडद्यावर एकच मोठं गोल बटण होतं, कोटाच्या बटणाएवढं, आणि त्याखाली लिहिलं होतं: सांगा. वेळ संपत नव्हती. चष्मा शोधून होईस्तोवर ते मुकाट्यानं वाट बघायचं.

पहिल्या सकाळी इंचभरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घरघरलं, फुगलं, फुस्स झालं. एकशे छत्तीस. वाईट नव्हतं. पण इतक्या वर्षांची जीभ एका सकाळीत थोडीच सरळ होते? त्यांनी बटणावर बोट ठेवलं, हनुवटी छातीला टेकवली आणि नाकातल्या नाकात म्हणाले, "एकशे तीऽऽस."

अ‍ॅप शहाण्यासारखं म्हणालं, "एकशे तीस. नोंद झाली." त्याला काय कळणार!

इंचभर मशीनपाशी येऊन बसले. पँटची शिवण सुईखाली सरकवली. पायडलवर पाय ठेवला, आणि दाबला नाही. फोनकडं बघत राहिले. रस्त्यापलीकडं सलूनवाला वस्तरा परजत होता, त्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

फोन वाजला.

"बाबा," लेक म्हणाली, "सांगायचं की कापायचं?"

इंचभरांनी टेबलाकडं पाहिलं. खडू तिथंच होता, कडेला, बायको ठेवायची तसा.

"सहा घाल," ते म्हणाले. आणि मग, अजिबात न ताणता, "एकशे छत्तीस."

"हं. एकशे छत्तीस," लेक म्हणाली, आणि इंचभरांनी पाय दाबला.